गोंडे

अशा फोटोंचं तोंड आधी पाहायचं नसतं.
उलटं करायचं, पाठ वाचायची.
आमच्या या पुठ्ठ्याच्या पाठीवर
जांभळ्या शाईत एक मुकुट, दोन वेलबुट्ट्या आणि
'एबेनेझर टॉश, माँट्रोज. काच जपून ठेवली आहे.
प्रती केव्हाही मिळतील.'
त्याखाली झीना आत्याची पेन्सिल :
'युफीमिया आजी. खुर्चीत आमचे बाबा. १८७५?'

त्या ओळीत
प्रश्नचिन्ह तेवढं खरं निघालं.

टॉश मूळचा न्हावी.
चौसष्टच्या व्यापारी सूचीत तो केस कापतो, टोप विणतो.
सहासष्टला त्याच दारावर केस, टोप आणि सूर्यचित्रे.
एकोणसत्तरच्या फेब्रुवारीत त्याचं दिवाळं
बटाट्यांच्या भावाशेजारी छापून आलं.
लिलावाची यादी इशबेलने मला
ग्रंथालयाच्या तळघरातून काढून दिली, हातमोजे घालून :
कॅमेरा एक. रंगवलेले पडदे दोन, पैकी एक समुद्राचा, ओल लागलेला.
मखमली खुर्ची एक, गोंडे अपुरे.

गोंडे अपुरे.
कुठल्या कारकुनाने एवढं वाकून पाहिलं असेल?
त्याचं नाव मिळालं असतं तर
त्याच्या थडग्यावर फुलं ठेवून आले असते.

मग मी दोन हिवाळे त्या खुर्चीमागे लागले.
परक्यांच्या अल्बमांतून, जुन्या बाजारातल्या बुटांच्या खोक्यांतून
टॉशची माणसं गोळा केली.
चेहरे मी पाहतच नव्हते, झालर मोजत होते.
तागाच्या जहाजाचा कप्तान, एप्रिल सहासष्ट : बारा.
देवीचे व्रण पावडरीखाली दडवलेला कापडवाला : अकरा.
नवी नवरी, पाठीवर लग्नाची तारीख, जून सदुसष्ट : दहा.
पाद्री डंकन इंग्लिस, नाताळच्या आधीचा रविवार : नऊ,
आणि उजवीकडे दात पडल्यासारखी फट.

आमच्या फोटोत नऊ.
तीच फट.

म्हणजे जून ते डिसेंबर, सदुसष्ट.
आजोबा जन्मले त्र्याहत्तरला.
(माझ्या धाकट्या भावाला फोनवर सांगितलं,
तो म्हणाला, बरं, मग?
चहाचं आधण उकळून गेलं
तरी मला 'मग' सुचेना.)

झगा पाहून आत्या फसली असणार.
तेव्हा मुलगेही झगेच घालत.
पण भांग पाहा : बरोब्बर मधोमध.
मुलग्यांचा कडेने काढायचे,
आणि हा तर न्हाव्याच्या दुकानातला फोटो,
टॉशच्या हातून भांग चुकणं शक्य नाही.

नोंदणी कचेरीत ती तिसऱ्या ओळीत होती.
विल्हेल्मिना, वय दोन वर्षं एक महिना.
लालज्वर. नऊ नोव्हेंबर.
माहिती देणार : आई. सहीऐवजी फुली.

घरात कुणी कधी हे नाव घेतलं नाही.
सात मुलांची नावं आम्ही पाढ्यासारखी म्हणायचो,
पाढा एकापासून सुरू होतो
असं समजून.

परत येऊन भिंग घेतलं.
पहिल्यांदाच तोंड पाहिलं.
चेहरा हललाय, दोन नाकं, पाण्यातल्यासारखे डोळे.
काचेला तेव्हा सात-आठ मोजेपर्यंत थांबावं लागायचं
आणि तिला तेवढा धीर कुठला?
युफीमियाचा हात मात्र तिच्या खांद्यावर
खिळ्यासारखा स्थिर.
आणि उजवी मूठ. तीही स्थिर.
घट्ट मिटलेली. बोटांच्या फटीतून काहीतरी काळं, दोऱ्यासारखं.
रेशीम असेल. सावली असेल.
पुठ्ठ्याची घडीही असू शकते.
असल्या बाबतीत मी माझ्यावर विश्वास ठेवत नाही.

आत्याचं अक्षर खोडलं नाही.
त्याच्याखाली, तेवढ्याच फिक्या पेन्सिलीने लिहिलं :
'विल्हेल्मिना. १८६७, पानगळीच्या सुमारास. गोंडे नऊ.'

दहाव्याचं काही लिहिलं नाही.
फोटो सुलटा करून ठेवला.